माणच्या माळावर १६ इंची दुर्बीण आणि एम ५१

व्हर्लपूल म्हणजेच एम ५१ दीर्घिकेच्या भुजा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या असतील, तर कास-बामणोलीचा मोह सोडा आणि साताऱ्याच्या पूर्वेला माण तालुका गाठा. पश्चिमेच्या डोंगरात ढग कधी येतील याचा नेम नसतो. माणची हवा कोरडी असते.

आम्ही चैत्र अमावस्या धरली. शिखर शिंगणापूरची यात्रा तोवर उरकलेली असते, रस्ते मोकळे मिळतात. सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी असा रस्ता. दहिवडीच्या पुढे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पडीक रानात मुक्काम टाकला. मालकाची परवानगी घ्या आणि पोलीस पाटलांनाही कळवा. अंधारात नळकांडं घेऊन बसलेली माणसं बघून गावाला शंका येणारच. पायात बूट हवेत, दगडाखाली विंचू असतात.

१६ इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी, आरशाची दुर्बीण) एकट्याने उचलत नाही. उजेड असतानाच ती उभी करून आरशांची जुळवणी केली आणि आरसा गार व्हायला तासभर तशीच ठेवली. तापलेल्या आरशातून तारे थरथरतात.

एम ५१ शोधणं सोपं आहे. सप्तर्षींच्या शेपटीचं टोक म्हणजे मरीची; तिथून साधारण साडेतीन अंश नैऋत्येला. उत्तरेला फलटण-बारामतीचा उजेड क्षितिजालगत दिसतो, म्हणून घाई करू नका. एप्रिलच्या मध्याला साडेबाराच्या सुमारास ती उत्तरेला ६० अंशांवर येते आणि तो उजेड खाली राहतो.

१३ मिमीची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली; सुमारे १४० पट मोठं दिसतं. आधी दिसले दोन धूसर ठिपके, एक मोठा, एक लहान. लहान ती सोबतीण दीर्घिका, एनजीसी ५१९५. बरोबरचा एक जण म्हणाला, ‘एवढंच?’ त्याला पाच मिनिटं हलू दिलं नाही. नजर ठिपक्यावर न रोखता जरा बाजूला ठेवायची आणि श्वास रोखायचा नाही. मग मोठ्या ठिपक्याभोवतीचा धुरकटपणा एकसारखा नाही हे कळू लागतं: एका बाजूने गडद खाच, तिच्या पलीकडे वळत गेलेला फिकट पट्टा. दुसरी भुजा सोबतिणीकडे झुकते. दोघींना जोडणारा तो पूल मला कधी दिसे, कधी नाही. रंग अजिबात नाही. फोटो बघून आलेल्यांनी तो आधी विसरावा.

लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये ७२ इंची दुर्बिणीतून याच भुजा पाहून कागदावर काढल्या. कुठल्याही दीर्घिकेचा सर्पिल आकार माणसाला दिसला तो तेव्हा पहिल्यांदा.

शेजारची दीर्घिका एम १०१ मेसियेच्या यादीत (‘एम’ तिथलाच) एम ५१ पेक्षा तेजस्वी लिहिलेली असते. त्यावर जाऊ नका. तिचा प्रकाश जवळजवळ पूर्ण चंद्राएवढ्या जागेत पसरलेला आहे, त्यामुळे ती जास्त अवघड जाते.

मोबाइल गाडीतच ठेवा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एका व्हॉट्सअ‍ॅपने तो वाया जातो. टॉर्चला लाल कागद लावा. ऊस तोडणीनंतर पाचट पेटवतात. वारा पश्चिमेचा असेल तर तो धूर इथवर येतो, मग १६ इंचही कामाचे नाहीत. निघण्याआधी, आकाश किती स्वच्छ आहे हे कळायला, ध्रुवाजवळचे बारीक तारे नुसत्या डोळ्यांना किती दिसतात ते बघा. ८ इंची असेल तरी या. दोन्ही गाभे नक्की दिसतील. मेमध्ये वळवाचे ढग सुरू होतात, म्हणून मार्च-एप्रिलची अमावस्याच बरी. मार्चमध्ये मात्र अडीचपर्यंत जागावं लागेल.