तुम्ही विचारलंत म्हणून: महिनोन्‌महिने भटकंतीला बाहेर, मग आईंचं कसं?

सोलापुरात, चाटी गल्लीतल्या दुकानदारापासून आमच्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला हेच विचारतात. खरं सांगायचं तर, वहिनी आहे म्हणून होतं.

आईला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन द्यावं लागतं. कडक भाकरी तिला आता चावत नाही, पण ती नसेल तर जेवल्यासारखंही वाटत नाही. मग वहिनी भाकरी बारीक चुरून आमटीत भिजत घालते आणि ती मऊ व्हायच्या बेताने इंजेक्शन देते. मी लाओसमध्ये डोंगर बघत हिंडते तेव्हा घरी हे रोज चाललेलं असतं. पैसे माझे असले तरी वेळ तिचा जातो. म्हणून तिकीट काढण्याआधी मी तिला विचारते, आणि ती "या वेळी नको" म्हणाली तर जात नाही. परत आले की तिने कुठेही जावं, घर मी बघायचं, असं आमचं ठरलंय. "जा हो ताई, बघते मी," असं ती मायेने म्हणते. त्या मायेचा फायदा किती सहज घेता येतो हे मला ठाऊक आहे, म्हणून जास्त जपते.

वाटेतल्या माणसांचंही तसंच. लाओसमधल्या लुआंग प्रबांगला पहाटे भिक्षू अनवाणी, रांगेने भिक्षेला निघतात. गावातल्या बायका खाली बसून त्यांच्या पात्रात चिकट भात घालतात, आणि काही प्रवासी अगदी त्यांच्या तोंडापुढे फ्लॅश मारतात. मला तिथे सोलापूर आठवलं. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायकांच्या दारातही असेच कॅमेरे येतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं आणि तंबाखू, मान खाली. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणजे फोटोसाठी हात थांबला की तिची कमाई थांबली. म्हणून परक्या गावात मी आधी विचारते, आणि समोरच्याने नुसती मान हलवली तरी फोन पिशवीत टाकते.

कुणी म्हणतं, आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीसही गेलेच की दूरदेशी! गेले, १९३८ साली, वैद्यकीय पथकाबरोबर चीनला. युद्धातल्या जखमींवर उपचार केले आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथेच वारले. पण ते हाकेला धावून गेले होते, मी हौसेने जाते. कृपा करून त्यांचं नाव माझ्या भटकंतीला जोडू नका.

धास्ती मात्र जात नाही. व्हिडिओ कॉलवर आई नेहमी बरी दिसते, कारण मला काळजी वाटू नये म्हणून ती केस विंचरून बसते. खरी साखर किती होती ते वहिनीला वेगळा फोन केल्यावरच कळतं. एखाद्या रात्री घरचा नंबर अवेळी दिसला की तो उचलेपर्यंत माझ्या पोटात गोळा येतो.

सध्या मी घरीच आहे. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की वहिनी माहेरी अक्कलकोटला जाणार आहे, मनसोक्त राहणार आहे. माझं पुढचं ती परतल्यावर बघू.