बिंदूसचं पाणी: बिहाच आणि उना नदीकाठ

६ मेची पहाट. जुर्जेवदान, म्हणजे संत जॉर्जचा सण. बोस्नियातल्या मार्तिन ब्रोद गावात, उना नदीवरच्या पाणचक्कीपाशी मी कुडकुडत उभी होते. इथल्या चक्कीचं चाक आडवं असतं, त्याला पळीसारख्या लाकडी पात्या. त्यांवर आदळून उडणाऱ्या तुषारांना ‘ओमाहा’ म्हणतात. एका आजींनी त्याखाली तांब्याचं भांडं धरलं, त्यात कोवळ्या डहाळ्या अन् रानफुलं टाकली आणि नातीचं तोंड धुतलं. मग भांडं माझ्यापुढे केलं. पाणी इतकं गार की कपाळ बधिर झालं. या पाण्यानं वर्षभर तब्येत धडधाकट राहते, अशी श्रद्धा आहे. सण ख्रिस्ती असला तरी बोस्नियातले मुसलमानही हा दिवस पाळतात.

मी आले होते बिंदूसच्या ओढीनं. रोमनांच्या आधी या खोऱ्यात यापोद लोक राहत. बिंदूस हा त्यांचा झऱ्यांचा देव. उना नदीवरच्या बिहाच शहराजवळच्या प्रिव्हिलित्सा झऱ्यापाशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दगडी वेद्या सापडल्या. त्यांवर लॅटिनमध्ये कोरलंय ‘बिंदो नेप्तुनो’, आणि त्या उभारल्या होत्या यापोदांच्याच प्रमुखांनी. रोमन आले तरी देव हलला नाही, त्याच्या नावाला रोमन जलदेव नेपच्यूनचं नाव जोडलं गेलं, एवढंच. ती दोन नावं एका ओळीत वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

ओमाहा थेट बिंदूसपासून चालत आलाय, असं मी म्हणणार नाही. मध्ये स्लाव लोक आले, त्यांचेही पाण्याचे विधी होतेच. पण माणसं बदलली तरी आजारपणात पाण्याकडेच येत राहिली, हे मला पटतं. शेजारच्या क्रोएशियातल्या तोपुस्को गावी गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी विदासुस आणि थाना या देवतांच्या वेद्या मिळाल्या. तिथं आजही लोक सांधेदुखीच्या उपचारांसाठी त्याच गरम पाण्यात बसतात.

जाणार असाल तर क्रोएशियाची राजधानी झाग्रेबहून बिहाचला बस मिळते. बिहाचहून मार्तिन ब्रोदला मात्र बसच्या भरवशावर राहू नका. माझी चुकली आणि अर्धा दिवस गेला. आदल्या संध्याकाळीच टॅक्सी ठरवून गावात मुक्काम करा, कारण खरं काय ते उजाडतानाच घडतं. बोस्नियाचं चलन, कन्व्हर्टिबल मार्क, रोख जवळ ठेवा. व्हिसाचे नियम निघण्याआधी दूतावासाकडून तपासा. पायवाट सोडून रानात शिरू नका. १९९०च्या दशकातल्या युद्धातले भूसुरुंग देशात अजून आहेत, कवटीचं चित्र असलेली लाल पाटी दिसली की मागे फिरा. चक्कीपाशी विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

आणखी एक. भीती उतरवणाऱ्या बायका, स्त्रावार्का, समोर बसलेल्याच्या डोक्यावर कापड धरून त्यावरच्या भांड्यातल्या पाण्यात वितळलेलं शिसं ओततात आणि त्याच्या आकारावरून भीतीचं कारण सांगतात. बोलावलं तर जरूर बसा. नंतर ते पाणी प्यायला दिलं, तर हात जोडून नाही म्हणा. शिसं विषारी असतं.