दमट हवेत सिगार सरळ जळावी म्हणून : माझा अनुभव

जून संपता संपता माझ्याकडच्या सिगार एका बाजूने जळू लागल्या. पेटवलेले टोक सुरुवातीला सगळीकडून सारखे लाल दिसायचे, पण बोटाच्या पेराएवढी राख होईपर्यंत एक बाजू झपाट्याने पुढे जायची आणि दुसरी काळपट, अर्धवट भाजल्यासारखी मागे रेंगाळायची. लायटरने ती बाजू जाळून कड सरळ करून घेतली, तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच. ओढ जड झाली होती, म्हणजे धूर ओढायला जोर लागत होता, धुराला कडवटपणा आला होता आणि सिगार मध्येच विझूही लागली होती. या सिगार निकाराग्वातल्या एस्तेली भागात हाताने वळलेल्या होत्या, आणि त्याच खोक्यातल्या सिगार फेब्रुवारीत मी ओढल्या तेव्हा त्या शेवटपर्यंत समान जळल्या होत्या. त्यामुळे दोष वळणाऱ्या हातांचा नसून दादरच्या माझ्या घरातल्या पावसाळी हवेचा असावा, असा माझा पहिल्यापासूनचा कयास होता. तंबाखू शरीराला अपायकारक आहे हे मी जाणतो आणि महिन्यातून एखादीच सिगार ओढतो. ती एक तरी नीट जळावी, एवढ्यासाठी मी या प्रश्नाच्या मुळाशी जायचे ठरवले.

सिगारच्या आत तीन थर असतात : मध्ये भरलेल्या पानांचा फिलर, त्यांना बांधून ठेवणारा बाइंडर आणि सर्वांत बाहेर दिसायला देखणा रॅपर. फिलरमधली पानेही एकसारखी नसतात. झाडाच्या तळाजवळची पाने पातळ असून चटकन पेटतात. शेंड्याकडची, ज्यांना लिहेरो म्हणतात, ती जाड आणि तेलकट असून सावकाश जळतात, म्हणून वळणारा कारागीर ती बरोबर मध्यभागी ठेवतो. हा सगळा मेळ पानांत ठरावीक ओलावा आहे असे धरून बसवलेला असतो. ओलावा वाढला की निखाऱ्याची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते आणि जिथे पान जाड किंवा जास्त ओले असेल तिथे आग अडखळते. शिवाय ओले पान फुगते, धूर वाहून नेणाऱ्या फटी अरुंद होतात, ओढ जड होते. मग माणूस जोर लावून ओढतो आणि त्या जोराने जी बाजू आधीच पुढे असते ती आणखी पुढे पळते. कधी याचे दुसरे रूपही दिसते : ओला रॅपर जळायचा तसाच राहतो आणि आतला फिलर मात्र बोगदा पडल्यासारखा जळत जातो.

तंबाखूचे पान हवेतले पाणी किती लवकर घेते आणि किती लवकर सोडते, हे आपल्याकडे निपाणीच्या भागातल्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. वाळलेला पाला ते दव असताना, भल्या पहाटे हाताळतात, कारण ऊन चढल्यावर त्याच पाल्याचा हातात चुरा होतो. सिगार हे शेवटी तेच पान आहे, फक्त घट्ट वळलेले, म्हणून तिचा बाहेरचा थर लवकर बदलतो आणि गाभा मागून, फार सावकाश. पुढे जे काही करावे लागले, त्यात ही एक गोष्ट मला सतत लक्षात ठेवावी लागली.

सिगार ठेवण्यासाठी माझ्याकडे एक लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे आतला ओलावा ठरावीक राखणारी पेटी होती. त्याला आतून स्पॅनिश सीडरचे अस्तर होते. नाव सीडर असले तरी हे लाकूड देवदाराच्या जातीचे नसून महोगनी आणि कडुनिंब ज्या कुळात येतात त्याच कुळातल्या एका झाडाचे असते. झाकणाला काट्याचा गोल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक होता आणि तो 70 टक्के सापेक्ष आर्द्रता दाखवत होता. 70 टक्के आर्द्रता आणि 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 21 अंश सेल्सिअस, हा सिगार साठवण्याचा जुना, सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे. काट्यावर विश्वास ठेवायचा तर माझ्याकडे काहीच बिघडलेले नव्हते.

म्हणून आधी काटाच तपासायचे ठरवले. यासाठी घरातले मीठ पुरते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे आणि त्यावर थेंबाथेंबाने पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करायचा. मीठ विरघळून त्याचे पाणी होता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर शेजारी शेजारी ठेवून दोन्ही एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवायचे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची बंदिस्त हवा नेहमीच्या तापमानाला 75 टक्के आर्द्रतेवर स्थिर होते, त्यामुळे सकाळी काटा तेवढाच आकडा दाखवायला हवा. माझा काटा 68 वर थांबला होता. याचा अर्थ, तो 70 दाखवत असताना सिगार खरे तर 77 टक्क्यांच्या आसपासच्या हवेत पडून होत्या. त्यानंतर मी दोन साधे डिजिटल हायग्रोमीटर आणले, त्यांचीही हीच परीक्षा घेतली आणि प्रत्येकाच्या पाठीवर त्याचा फरक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवला. ज्याला सिगारच्या जळण्याची तक्रार आहे, त्याने दुसरे काहीही करण्याआधी हे करावे असे माझे ठाम मत आहे; चुकीच्या आकड्यावर आधारलेला कोणताही उपाय वाया जातो.

दुसरी तपासणी झाकणाची. अंधाऱ्या खोलीत ह्युमिडॉरच्या आत पेटता टॉर्च ठेवून झाकण लावले, तेव्हा मागच्या बिजागरीजवळून उजेडाची बारीक रेघ बाहेर येत होती. पावसाळ्यात लाकूड फुगल्यामुळे तो कोपरा किंचित उचलला गेला होता. हिवाळ्यात ही फट असती तर आतला ओलावा बाहेर गेला असता. जुलैमध्ये मुंबईची नव्वद टक्क्यांजवळची हवा त्याच फटीतून आत शिरत होती. त्यात भर म्हणजे ह्युमिडॉरसोबत आलेला, डिस्टिल्ड वॉटरने भिजवायचा स्पंज आत तसाच होता. तो मी त्याच दिवशी काढून टाकला.

या विषयावर मिळणारे बहुतेक मार्गदर्शन थंड, कोरड्या देशांतल्या लोकांनी लिहिलेले असते. तिथे घर गरम ठेवल्यामुळे खोलीतली हवा सुकते, सिगार कडक होते, रॅपर तडकतो, आणि ह्युमिडॉरचे काम पाणी पुरवण्याचे असते. कोकणपट्टीत चार महिने हे काम नेमके उलटे होते, कारण आपल्याला पाणी बाहेर ठेवायचे असते. सिगार ओली वाटली तर ओढण्याआधी ती एक-दोन दिवस ह्युमिडॉरबाहेर उघडी ठेवावी, हा एक सल्ला सर्रास दिला जातो. तो कोरड्या हवेत अगदी योग्य आहे. मुंबईच्या श्रावणात तसे केल्यास सिगार आणखी ओली होते. नागपूरचा माझा मावसभाऊ याच छंदातला आहे. मी फोनवर ही अडचण सांगितली तेव्हा तो म्हणाला, “दादा, तू पाणी काढायचं बघतोयस आणि इथे मे महिन्यात माझ्या सिगारच्या पापुद्र्यांचे तुकडे पडतात.” त्याच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी हवेत जेमतेम वीस टक्के आर्द्रता उरते. लाकडी पेटी आणि तिच्यासोबतच्या सूचना त्याला आणि मला एकाच तऱ्हेच्या मिळाल्या होत्या, आणि दोघांच्याही त्या उपयोगाच्या नव्हत्या.

मी लाकडी ह्युमिडॉर तात्पुरता बाजूला ठेवून सिगार रबरी कडेच्या, चारी बाजूंनी क्लिप लागणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात हलवल्या. नव्या डब्याला वास असतो आणि सिगार वास पटकन धरते, म्हणून डबा धुऊन काही दिवस उघडा ठेवला आणि वास पूर्ण गेल्यावरच वापरला. आत जुन्या सिगारच्या खोक्यांतल्या सीडरच्या पातळ फळ्या उभ्या लावल्या आणि बोवेडा कंपनीच्या, आर्द्रता 65 टक्क्यांवर राखणाऱ्या पुड्या ठेवल्या. या पुड्यांत क्षाराचे संपृक्त द्रावण असते. हवा कोरडी पडली तर त्या ओलावा सोडतात आणि दमट झाली तर शोषून घेतात. मात्र त्यांची शोषण्याची ताकद मर्यादित असते. फट असलेल्या लाकडी पेटीत मी अशी एक पुडी ठेवून पाहिली होती, तर ती फुगून पाण्याने लदलदलेली निघाली होती. डबा हवाबंद असेल तरच पुडीचा उपयोग होतो.

65 हा आकडा मी विचारपूर्वक निवडला. आपल्याकडे खोलीचे तापमान 28 ते 30 अंश असते आणि त्या उबेत 70 टक्क्यांच्या वर गेले की बुरशीचे भय वाढते. क्यूबन सिगार ओढणारे अनेकजण तर थंड हवेतही 62 ते 65 टक्केच पसंत करतात. उबेमुळे दुसराही धोका असतो, तो तंबाखूच्या भुंगेऱ्याचा. पानांत राहिलेली त्याची अंडी तापमान 25 अंशांच्या वर राहिले की फुटण्याचा संभव असतो आणि मग रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसतात. माझ्याकडे तशी भोके दिसली नव्हती, तरीही खबरदारी म्हणून सिगार दुहेरी बंद पिशव्यांत घालून तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणि मग खोलीत ठेवल्या. पिशवी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड सिगारवर हवेतले पाणी दवासारखे जमते. डबा आता आतल्या खोलीतल्या कपाटाच्या तळाच्या खणात असतो, जिथे पश्चिमेचे ऊन लागत नाही आणि एसीची चालू-बंद होणारी थंड हवाही पोहोचत नाही.

डब्यात हलवल्यावर लगेच काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. गाभ्यातला ओलावा बाहेर यायला आठवडे लागतात. हे किती झाले ते कळावे म्हणून मी सोनाराकडे असतो तसला एक छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घेतला. पाच इंच लांबीची आणि 50 रिंग गेजची, म्हणजे 50/64 इंच जाडीची एक रोबस्टो निवडून, तिच्याभोवतीच्या कागदी पट्टीवर पेन्सिलने खूण करून, ठरावीक दिवसांनी तिचे वजन लिहीत गेलो. वजन आधी भराभर उतरले, मग हळूहळू, आणि शेवटी दशांश स्थळावरचा आकडाही हलेनासा झाला. तोवर बोटांनाही फरक जाणवू लागला होता : पूर्वी दाबल्यावर ओल्या बुचासारखी वाटणारी सिगार आता किंचित दबून पुन्हा मूळ आकाराला येत होती. वजन स्थिर झाल्यावरच त्या खोक्यातली पुढची सिगार मी पेटवली. तिची कड थोडी नागमोडी होती, पण बाजू सोडून पळाली नाही, आणि एकदाही विझली नाही.

तरी सगळे वाकडे जळणे ओलाव्याच्याच माथी मारता येत नाही. माझ्या बाल्कनीत संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो आणि वाऱ्याकडची बाजू जास्त हवा मिळाल्यामुळे लवकर जळते. पारख करायची असेल तर वारा नसलेल्या जागी बसावे. पेटवतानाही घाई करू नये. टोक ज्योतीपासून थोडे दूर धरून, फिरवत, आधी कड सगळीकडून काळवंडू द्यावी, मग हलकी फुंकर मारून निखारा सर्वत्र सारखा आहे का ते पाहावे. ओढताना मिनिटाला एखादा झुरका पुरे. कड वाकू लागली तर मागे राहिलेली बाजू खाली करून धरावी, कारण खालच्या बाजूला हवा जास्त मिळते आणि ती आपोआप बरोबरी करते. एवढे करूनही तीच बाजू, त्याच रेषेत पुन्हा पुन्हा मागे राहत असेल, तर तिथे पानाची जाड शीर किंवा मध्यभाग सोडून सरकलेले लिहेरो आहे असे समजावे. एका डब्यातल्या बाकीच्या सिगार नीट जळत असताना एकच अडत असेल, तर तो वळणीतला दोष. सगळ्याच अडत असतील, तर साठवणीतला. काळपट, जाड माडुरो रॅपरच्या सिगार मात्र माझ्याकडे आजही 65 टक्क्यांवर थोड्या हट्टी वागतात. त्यातली एखादी ओढायची असेल तेव्हा मी ती आधी काही दिवस 62 टक्क्यांच्या पुडीसह काचेच्या लहान बरणीत ठेवतो.

दिवाळीनंतर हवा बदलली की हिशेब उलटतो. दुपारची आर्द्रता पन्नासच्या खाली उतरू लागते आणि आतापर्यंत पाणी शोषणाऱ्या पुड्या आता ते सोडू लागतात. पुडी बोटांत धरून पाहिली की कळते : आत द्रव हलत असेल तोवर ती चालते, आणि खडे झाल्यासारखी कडक लागली की बदलायची वेळ झालेली असते. नागपूरच्या भावालाही मी असाच डबा करायला सांगितले. त्याने त्यात 69 टक्क्यांच्या पुड्या ठेवल्या आहेत आणि मे महिन्यात दर आठवड्याला तो त्या चाचपून पाहतो.