चवथीतला दहावा दिवस

आज पंचमी. घरी गणपती, आणि मी गोव्यात बांबोळीला इस्पितळाच्या वॉर्डात, हाताला सलाईन.

दुसऱ्या केमोनंतर कालनिर्णयावर दिवस मोजले तेव्हाच दिसलं होतं, दहावा दिवस नेमका चवथीवर येतोय. घरात बोलले नाही. 'दहावा' शब्द सासूबाईंच्या कानी सणासुदीला कसा घालणार? पण या औषधांनी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण दहा ते चौदा दिवसांत तळाला जातात, हे फायलीवर नर्सबाईंनी पेनाने लिहून दिलं होतं. म्हणून यंदा माटोळीला, गणपतीवर टांगायच्या रानफळा-पानांच्या छताला, हातही लावला नाही. रानातून आलेली ओली कवंडळं, आंबाडे, पानं, सगळं लांबूनच बघितलं.

तरी काल नैवेद्याच्या गडबडीत थंडी भरली. ताप 100.8. नणंद म्हणाली, "वहिनी, पॅरासिटामोल घे आणि पड जरा. आरतीपर्यंत उतरेल." खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. वीस पानं वाढायची होती. पण 100.4 ला पोचला की आधी फोन, गोळी नाही, असं बजावलेलं. गोळीने पारा उतरतो, आत जंतुसंसर्ग असला तर तो चालूच राहतो, आणि पेशी नसताना काही तासांत जिवावर बेतू शकतं. यांनी गाडी काढली. इथे रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं. न्यूट्रोफिल, म्हणजे त्याच पांढऱ्या पेशींतला मुख्य प्रकार, 400 निघाले. 500 च्या खाली म्हणजे फारच कमी.

गंमत म्हणजे मी घाबरले होते उलट्यांना. त्या उलटीवरच्या गोळ्यांनी बऱ्यापैकी आवरल्या. त्याच गोळ्यांनी पोट मात्र असं घट्ट झालं की चार दिवस दुसरा विचार सुचेना! केमोच्या लाल औषधानंतर लघवी लाल झाली, ते आधी सांगितलेलं असूनही हे घाबरलेच. तोंड आलं तेव्हा मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच गुळण्या केल्या. सोलकढी तर आगच वाटली. पेज चालली, निवलेली. स्टीलच्या चमच्याने सगळंच लोखंडासारखं लागतं म्हणून मुलाने आइस्क्रीमचे लाकडी चमचे आणून ठेवले.

केस गेले त्याबद्दल आज लिहीत नाही.

मघाशी नणंदेने फोनवर आरती दाखवली. दीड दिवसाचा आमचा, संध्याकाळी जाईल. फोन ठेवताना हळूच म्हणाली, "मी काल ती गोळी हातावर ठेवली असती ना..." मी म्हटलं, "ते राहू दे, नेवऱ्या पाठवू नकोस, तोंडाला टोचतात. पातोळ्या चालतील. पण ताज्या, वाफाळत्या करशील तेव्हाच, कालच्या नकोत."

नर्सबाई आत्ताच ताप बघून गेल्या. 99.6.