एका गतिरोधकाची फाइल

रस्ता चांगला झाला आणि आमची डोकेदुखी सुरू झाली. तोवर खड्डे होते, आणि खड्ड्यांपुढे कुणाचंच काही चालत नव्हतं. रिक्षा असो की फॉर्च्युनर, सगळे गपगुमान दुसऱ्या गियरवर. मग पावसाळ्याआधी डांबर पडलं, रस्ता काळाकुळकुळीत झाला आणि आमच्या सेक्टरमधून गेलं की पाम बीच रोडला लागायला दोन सिग्नल वाचतात, हा शोध अख्ख्या नवी मुंबईला एकदम लागला. (नोडचं, म्हणजे आमच्या उपनगराचं, नाव लिहीत नाही. संबंधित साहेब अजून तिथेच बसतात आणि आमची अजून त्यांच्याकडे कामं पडतात.)

भरधाव गाड्यांबद्दल कुरकुर सगळेच करत होते, पण कागदावर काही नव्हतं. एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू गिरणीतून दळण घेऊन येत होत्या. कोपऱ्यावर कायम एक टेम्पो लावलेला असतो. त्याच्या आडून त्या दोन पावलं पुढे आल्या आणि डिलिव्हरीवाल्या मुलाची बाइक त्यांच्या पिशवीला घासून गेली. काकूंना खरचटलंही नाही. पण ज्वारीचं पीठ रस्त्यावर सांडलं आणि त्यात टायरचा माग उमटला. मी वाकून बघितला. सरळ रेघ, कुठे वळलेली नाही, ब्रेक दाबल्याची खूण नाही. म्हणजे त्या पोराला काकू दिसल्याच नव्हत्या. त्याच्यावर ओरडण्यात तरी काय अर्थ होता? दहा मिनिटांत पोचवायचं असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं आणि टेम्पो आम्हीच रोज बघून न बघितल्यासारखा करत होतो.

त्या रात्री सोसायटीच्या ऑफिसात सभा भरली. मी खजिनदार, त्यामुळे जावंच लागलं. सूचना भरपूर आल्या, पण टाळ्या एकाच सूचनेला पडल्या: वर्गणी काढायची, गवंडी बोलवायचा आणि रातोरात सिमेंटचा उंचवटा घालून मोकळं व्हायचं. मी म्हटलं, अंधारात त्यावरून कुणी आपटला तर पोलीस आधी आपल्याच दारात येतील. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘मग मॅडम, अर्जाचं तुम्हीच बघा.’’ सोसायटीत शंका काढणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, हा नियम कुठल्याही उपविधीत लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे.

पहिला अर्ज घेऊन मी वाहतूक शाखेत गेले. विषय लिहिला होता: ‘भरधाव वाहनांकडून वेगमर्यादेचे उल्लंघन’. तिथल्या हवालदारांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, ‘‘ताई, उल्लंघन शब्द काढा. तुमच्या रस्त्याला मर्यादा कुठली लावलीय?’’ मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन दोनदा तपासलं. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर मोटारीला कमाल वेग ताशी ७० किलोमीटर आहे, दुचाकीला ६० आणि रिक्षाला ५०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य सरकारला किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला एखाद्या रस्त्यापुरती कमी मर्यादा ठरवता येते, पण तसा आदेश निघून फलक लागला तरच. आमच्याकडे ना आदेश, ना फलक. म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या बालवाडीच्या गेटसमोरून पन्नासने जाणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने सज्जन! वेगाच्या नावाने ओरडणाऱ्या बहुतेक सोसायट्या इथेच अडकत असणार, असं माझं मत झालंय. पावती फाडण्यासारखा गुन्हाच नसेल तर पोलिसांनी करायचं काय?

अर्ज बदलला. वेगाऐवजी जागेबद्दल लिहिलं: बालवाडीचं गेट, टेम्पोमुळे न दिसणारा कोपरा, पदपथ कुठे तुटलाय, म्हातारी माणसं कुठून ओलांडतात. वाहनं आणि पायी चालणारे एकत्र असतील तिथे ३० ची मर्यादा ठेवावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आहे, तेही एका ओळीत घातलं. स्टॉकहोम वाचून आपल्याकडे कुणाला घाम फुटत नाही, तरी असू दे म्हटलं.

वेग मात्र मोजला. दोन विजेच्या खांबांजवळ खडूने रेघा मारल्या, बरोबर ५० मीटर अंतरावर, टेप धरून. गाडी पहिल्या रेघेवर आली की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू, दुसरीवर बंद. १८० ला सेकंदांनी भागलं की ताशी वेग निघतो. सहा सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०. बोट मागेपुढे होतं, त्यामुळे एखाद्या गाडीच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, पण वही भरत गेली की चित्र दिसतं. शाळा भरायच्या वेळी बहुतेक गाड्या चार-साडेचार सेकंदांत निघत होत्या. रात्री दहानंतर तीन सेकंद लावणारेही होते. पन्नासच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. टेम्पोपासून बालवाडीच्या गेटापर्यंत तेवढंच अंतर आहे. म्हणजे ब्रेकवर पाय जायच्या आत गेट येतं. हे वाक्य मी अर्जात ठळक टाइप केलं.

वही वाचून दाखवल्यावर सभेत जरा शांतता झाली, कारण रकाने बघता ‘बाहेरचे लोक’ हा शब्द फारसा टिकत नव्हता. सकाळच्या गाड्यांपैकी बऱ्याच आमच्याच आणि शेजारच्या सोसायटीच्या गेटातून निघत होत्या.

पुढे टोलवाटोलवी झाली, ती थोडक्यात सांगते. पालिकेच्या विभाग कार्यालयातले कनिष्ठ अभियंता म्हणाले, वाहतूक पोलिसांची ना हरकत आणा. वाहतूक शाखा म्हणाली, पालिकेने आम्हाला पत्र पाठवावं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. रस्ता पालिकेचा, त्यावरची वाहतूक पोलिसांची, आणि गतिरोधक दोघांच्या मध्ये. एरवी नगरसेवकाने एक फोन केला असता, पण पालिकेची मुदत २०२० च्या मेमध्ये संपलेली आणि कारभार तेव्हा प्रशासकांकडे होता. माजी नगरसेवकांचा शब्द लोक ऐकून घेत, एवढंच. आम्ही प्रत्येक पत्र दोन प्रतींत दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच आणि आवक क्रमांक घेतला. तोंडी झालेलं बोलणंही त्याच संध्याकाळी ‘आज झालेल्या चर्चेनुसार’ असं लिहून पाठवलं. शेवटी माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत: ‘सदर अर्जावर आजवर झालेली कार्यवाही व संबंधित पत्रव्यवहाराच्या प्रती’. ‘का केलं नाही’ असं विचारायचं नाही, त्याला उत्तर येत नाही. तीस दिवसांची मुदत संपायच्या आत कागद आले, आणि त्यात फाइल नेमकी कुठे थांबली ते दिसलं: ‘संयुक्त पाहणी प्रलंबित’. तो शब्द हाती लागल्यावर काम सोपं झालं. पुढचं पत्र फक्त पाहणीची तारीख मागणारं दिलं, दोन्ही कार्यालयांना एकाच दिवशी.

पाहणीच्या दिवशी पोलिसांची जीप कोपऱ्यावर उभी. साहजिकच सगळी वाहनं अशी चालली होती की जणू आतमध्ये नवरदेव बसलाय. अभियंत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वही पुढे केली.

खरं भांडण त्यानंतर पेटलं. गतिरोधक सगळ्यांना हवा होता, आपल्या गेटसमोर कुणालाच नको होता. रात्री ट्रक ब्रेक मारणार, परत रेस करणार, झोपायचं कुणी? दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा मणका दुखरा, ते रिक्षाने डायलिसिसला जातात. त्यांचा मुद्दा मला सगळ्यात खरा वाटला. अभियंत्यांनी तिथेच खडूने काढून दाखवलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. पंचविसच्या आसपास वेग ठेवला तर तो हळूच वर उचलतो, दणका देत नाही. कंबरडं मोडतात ते नटबोल्टने ठोकलेले काळे-पिवळे रबरी तुकडे. वर्षभरात त्यातले निम्मे उखडतात आणि बोल्ट तेवढे वर राहतात. आजोबा म्हणाले, ‘‘पहिलावाला करणार असाल तर माझ्या खिडकीखाली करा.’’ विषय संपला.

दोन मागितले होते, एक मिळाला, बालवाडीच्या अलीकडे. दुसरा वळणाच्या फार जवळ येतो म्हणून नाकारला. तिथे आडवे जाड पांढरे पट्टे मारले आणि कोपऱ्यावर ‘नो पार्किंग’चा फलक लागला. माझ्या मते जास्त फरक त्या फलकानेच पडला. टेम्पो हलल्यावर रस्ता दोन्ही बाजूंना दिसायला लागला. ३० ची मर्यादा मात्र अजून आलेली नाही. ते प्रकरण वरच्या कार्यालयात आहे.

काम झाल्यावर परत खडू घेऊन उभी राहिले. मोटारी सात-आठ सेकंदांवर आल्यात. बाइकवाल्यांनी वाट शोधलीय. पावसाचं पाणी जावं म्हणून गतिरोधकाच्या दोन्ही कडांना गटाराजवळ वीतभर जागा सोडलेली असते, तिथून ते न थांबता सटकतात, आणि नेमकी तीच जागा चालणाऱ्यांची. त्या फटीत खांब लावावेत असा अर्ज गेल्या सोमवारी दिला. अभियंते म्हणाले, खांब लावले की कचरा अडून पाणी तुंबेल, त्यासाठी मलनिःसारण विभागाचा अभिप्राय लागेल. तिथलं आवक-जावक साडेपाचला बंद होतं, म्हणून उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.