साठ मिनिटांचा तपास : माझा अनुभव

एस्केप रूम, म्हणजे बंद खोलीतली कोडी ठरावीक वेळात सोडवून बाहेर पडायचे, या खेळाची सुरुवात २००७ साली क्योतो येथे ताकाओ कातो यांनी केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यातला खुनाच्या तपासावर बेतलेला प्रकार मी घरच्या मंडळींसह पुण्यात खेळले.

१९३५ सालच्या मुंबईत एका वकिलाचा त्याच्या अभ्यासिकेत खून झाला आहे आणि संशयित चौघे आहेत, एवढेच सांगून गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, दार लावून घेतले. सुरुवातीचा वेळ खण आणि कोटाचे खिसे उलथेपालथे करण्यात गेला. विशिष्ट बॅटरीच्या उजेडातच दिसणारे आकडे इतर एस्केप रूमप्रमाणे इथेही होते, परंतु तपासाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. खरी रंगत आणली ती मेजावरच्या टीपकागदाने. त्यावर शाईची उलटी अक्षरे उमटली होती. धाकट्या बहिणीने तो आरशासमोर धरला, तेव्हा मृत्युपत्र बदलण्याविषयीच्या दोन ओळी आणि एक तारीख वाचता आली. तारखेने कपाटाचे आकडी कुलूप उघडले आणि ओळींनी पुतण्यावर संशय आणला. अशा खोलीचा कस माझ्या मते इथेच लागतो. नुसती आकडेमोड करून कुलपेच उघडायची असतील, तर खुनाचा देखावा हवा कशाला?

एकाच वेळी दोन धागे हाताशी असल्यामुळे कोणीही रिकामे राहिले नाही. आम्ही बोटांच्या ठशांतील शंख-चक्रे जुळवत होतो (कलकत्त्यात ठशांचे कार्यालय १८९७ मध्येच सुरू झाले होते, त्यामुळे त्या काळाशी ते विसंगतही नव्हते), तर एरवी अबोल असणारे माझे मेहुणे रेल्वेचे वेळापत्रक घेऊन बसले होते. ते अडले तेव्हा खोलीतला जुना फोन वाजला आणि फौजदाराच्या आवाजात विचारणा झाली, "तिकिटाची मागची बाजू पाहिलीत का?" मदत मिळाली, पण कथा तुटली नाही.

शेवटी आरोपीच्या छायाचित्राखाली तीन योग्य पुरावे ठेवल्याखेरीज दार उघडणार नव्हते. बहीण पुतण्यावर अडून बसली, तर मेहुण्यांनी तिकिटावरून तो त्या रात्री मुंबईत नव्हताच हे दाखवून दिले. घड्याळ पळत असताना झालेला तो कडाक्याचा वाद मला सबंध खेळात सर्वाधिक आवडला. अखेर संशयितांपैकीच असलेल्या कारकुनाच्या छायाचित्राखाली पेल्यावरचा ठसा, किल्ली आणि हिशेबाची वही ठेवली, तेव्हा दाराचे कुलूप सुटले.