विथ रिकर्सिव्हने खाल्लेले माझे दोन दिवस

आधीच सांगतो, चूक माझीच होती, पण चिडचिड अजून गेलेली नाही. एरर आली असती तर दहा मिनिटांत विषय संपला असता, पण ती आलीच नाही ना.

काम साधं होतं. फोल्डरचं टेबल, प्रत्येक रोमध्ये आयडी, नाव आणि पॅरेंट आयडी, आणि फोल्डरच्या पोटात कितीही खोल जे काही असेल ते सगळं एका क्वेरीत हवं. जुना कोड पायथनमध्ये लूप लावून प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी क्वेरी मारायचा, चार हजार फोल्डर म्हणजे चार हजार फेऱ्या. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये हाताने विथ रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःच्याच निकालावर परत परत चालणारी एसक्यूएल क्वेरी, लिहून बघितलं, पहिल्या अर्ध्या तासात चाललं. वर एक सिलेक्ट जो मूळ फोल्डर आणतो, मग दोन निकाल एकाखाली एक जोडणारं युनियन ऑल, खाली दुसरा सिलेक्ट जो त्याच सीटीईला (विथने नाव दिलेल्या तात्पुरत्या निकालाला) जॉइन करून मुलं, म्हणजे आतले फोल्डर, आणतो. मस्त. आता फक्त एसक्यूएलअल्केमीत, म्हणजे पायथन कोडमधून एसक्यूएल तयार करणाऱ्या लायब्ररीत, उतरवायचं, म्हटलं जेवायच्या आधी होईल.

पहिला सिलेक्ट लिहिला, त्यावर सीटीई मेथड, रिकर्सिव्ह ट्रू. पुढच्या ओळीत त्यावर युनियन ऑल, आत दुसरा सिलेक्ट. रन केलं तर रो आल्या सहा. चार हजारांच्या जागी सहा!

मग सुरू झाला तमाशा. आधी डेटावर संशय, पॅरेंट आयडीत काहीतरी घाण असेल म्हणून सगळं टेबल चाळलं, नीट होतं. मग वाटलं एक कॉलम इंटिजर आणि दुसरा स्ट्रिंग असेल, नव्हता. मग जॉइनची अट उलटी केली, परत सुलटी केली, अलायस लावला, अलायस काढला. प्रत्येक वेळी त्याच सहा रो. टेस्ट मात्र हिरवीगार, कारण टेस्टच्या डेटात सगळे फोल्डर वरच्याच पातळीवरचे होते, मीच टाकलेले. संध्याकाळी तर मी चुकीच्या डेटाबेसला जोडलोय की काय इथपर्यंत पोचलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या मित्राला दाखवलं. त्याने कोड वाचलाच नाही. म्हणाला, "क्वेरी प्रिंट केलीस का?" नव्हती केली. स्टेटमेंट सरळ प्रिंटला दिलं, तर विथ रिकर्सिव्ह लिहिलेलं, कंसात एकच सिलेक्ट, आणि युनियनचा पत्ताच नाही.

भानगड अशी की युनियन ऑल ही मेथड जुन्या सीटीईला हातही लावत नाही, ती नवीन सीटीई परत देते. मी ती परत आलेली वस्तू कुठल्याच व्हेरिएबलमध्ये ठेवली नव्हती आणि शेवटचा सिलेक्ट जुन्याच अर्धवट सीटीईवर मारत होतो. त्या सहा रो म्हणजे सगळ्यात वरचे सहा फोल्डर. डॉक्युमेंटेशनच्या उदाहरणात तेच नाव परत डाव्या बाजूला घेतलंय, बरोबर लिहिलंय, मीच कॉपी करताना ती डावी बाजू खाल्ली. डावीकडे नाव आणि बरोबरचं चिन्ह टाकलं, झालं. दोन दिवस त्या एवढ्याशासाठी.

त्यामुळे कुठलाही क्वेरी बिल्डर असो, आधी तयार झालेलं एसक्यूएल डोळ्यांनी बघा, मग डेटाला शिव्या घाला.

पुढे अजून एक गंमत झाली. कुणीतरी एक फोल्डर त्याच्याच नातवाच्या आत हलवला होता. मुळापासून खाली उतरलं तर असे गोल फिरणारे फोल्डर नुसते गायब होतात, कारण मुळापासून त्यांच्यापर्यंत वाटच नसते, म्हणून आधी कळलंच नाही. पण युजरने त्यातलाच एक उघडला आणि क्वेरी फिरतच बसली. मी शहाणपणा करून युनियन ऑलचं नुसतं युनियन केलं, डुप्लिकेट गळतील म्हणून. काही फरक नाही, कारण मी पातळी मोजायचा कॉलम ठेवला होता, तो दर फेरीला वाढतो, मग कुठलीच रो दुसरीसारखी होत नाही. शेवटी पातळी पन्नासच्या खाली अशी अट टाकली आणि स्टेटमेंट टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेनंतर क्वेरी बंद पाडणारी मर्यादा, लावला. पोस्टग्रेस १४ पासून असं गोल फिरणं ओळखून थांबवणारा सायकल नावाचा क्लॉजच आहे, तो हाताने लिहिलेल्या क्वेरीत वापरून बघितलाय, छान चालतो.

अरे हो, वेग. साधा, म्हणजे रिकर्सिव्ह नसलेला सीटीई पोस्टग्रेस १२ च्या आधी कायम वेगळा काढून ठेवला जायचा, बाहेरची अट आत पोचायचीच नाही. १२ पासून एकदाच वापरलेला असेल तर तो मुख्य क्वेरीत मिसळतो, दोनदा वापरलात तर परत वेगळा. मिसळायलाच हवा असेल तर नॉट मटेरियलाइज्ड लिहावं लागतं. आमचा एक सर्व्हर अजून ११ वर आहे, तिथे साध्या सीटीईची तीच क्वेरी का रखडते हे मला आत्ता कळलं.

आणि पूर्ण पाथचा कॉलम जोडत असाल तर वरच्या सिलेक्टमध्येच नाव टेक्स्ट या प्रकारात कास्ट करा, म्हणजे बदलून घ्या. नाव व्हारकॅर (मजकुराचाच दुसरा प्रकार) असेल आणि खाली जोडून टेक्स्ट बनत असेल तर पोस्टग्रेस लगेच अडवतो. तिथे मात्र एरर येते, आणि चांगली स्पष्ट येते.